अर्पणपत्रिकेतली वेलांटी

२०११ चा जून. अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. शाळा सुरू व्हायचा आठवडा, हातात याद्या घेतलेले आईबाप, दुकानांच्या पायऱ्यांवर वह्यांचे गठ्ठे, आणि त्या गर्दीतून वाट काढत मी एका जुन्या वाड्यातल्या प्रकाशकाच्या कचेरीचा लाकडी जिना चढत होते. वाईहून सकाळच्या एसटीने आले होते, संध्याकाळच्या एसटीने परत जायचं होतं. फाइलमध्ये एम. ए. मराठीची गुणपत्रिका होती.

गुणपत्रिका कोणी बघितली नाही. तिथल्या मुद्रितशोधकांनी, म्हणजे छापण्याआधी चुका शोधणाऱ्यांनी, माझ्यापुढे दोन छापील पानं ठेवली. वय सत्तरीकडे झुकलेलं, सगळे त्यांना काका म्हणत. लाल पेन हातात देत ते म्हणाले, "पंधरा चुका आहेत. अर्धा तास."

मला नऊ सापडल्या. उरलेल्या सहांतली एक शीर्षकात होती. चांगली २४ पॉइंटात, ठळक, पानाच्या अगदी डोक्यावर: 'स्वातंत्रोत्तर मराठी कविता'. त्र्यो-मधला य गळाला होता. याच विषयावर मी दोन वर्षं निबंध लिहिले होते, आणि तो य मला दिसला नव्हता.

"मोठं अक्षर कुणी वाचत नाही गं," काका म्हणाले. "नुसतं बघतात. शब्द तुला ठाऊक आहे ना, म्हणून तो बरोबर असणारच असं तू धरून चाललीस. सोमवारपासून ये."

वाईत वाढलेल्या मुलीला छापील अक्षराचं अप्रूप असतंच. गंगापुरीतल्या विश्वकोशाच्या कार्यालयावरून मी शाळेत जायची. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठीत एवढं मोठं काम आमच्या गावात बसून उभं केलं आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड बाहेर आला, हे आम्हाला घरातल्या गोष्टीसारखं सांगितलं जायचं. पण पुस्तक म्हणजे लेखक आणि वाचक, एवढीच माझी समजूत. या दोघांच्या मधे किती माणसं बसलेली असतात हे त्या वाड्यात शिरल्यावर कळलं. अक्षरजुळणी करणारा, मांडणी करणारा, चित्रकार, प्रूफं वाचणारा, प्लेट काढणारा, छापणारा, फॉर्म दुमडणारा, शिवणारा, गठ्ठे बांधणारा, ते टेम्पोत चढवणारा. यांतल्या बहुतेकांचं नाव पुस्तकावर कुठेच नसतं.

पहिले तीन महिने मी फक्त वाचून दाखवलं. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायला काढलेली प्रत, बघायचं. वाचणाराने भाव घालायचा नाही. "तो उठला स्वल्पविराम दाराशी गेला स्वल्पविराम आणि थांबला पूर्णविराम परिच्छेद." सुरुवातीला मी गोष्टीत रंगून जायची, आवाज चढायचा, आणि काका हातातली पट्टी टेबलावर आपटायचे. ती लाकडी पट्टी ते ओळीखाली धरत, म्हणजे पुढची ओळ झाकलेली राहते आणि डोळा पुढे पळत नाही. मी आजही पट्टी वापरते. संगणकाच्या पडद्यावर वाचताना तिची फार आठवण येते.

काका मूळचे जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे मांडून मजकूर जुळवणारे. खिळ्यांच्या छापखान्यात उमेदवारीपासून सुरुवात केलेले. देवनागरीची केस, म्हणजे खिळे ठेवायची पेटी, इंग्रजीच्या कितीतरी पट मोठी, जोडाक्षरांना आणि काना-मात्रांना स्वतंत्र घरं, ती सगळी त्यांच्या हाताला पाठ. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. खिळ्यावर वेलांटीचा फाटा अक्षराच्या बाहेर आलेला असे, आधाराशिवाय. त्यामुळे छपाईचा दाब पडला की आधी वेलांटी मोडायची. जुन्या पुस्तकांत मोडक्या वेलांट्या दिसतात त्या यामुळे. "आता मोडत नाही," ते म्हणायचे, "आता चुकते. आणि मोडलेली दिसते तरी, चुकलेली दिसत नाही."

शाळेत काका जुनं लेखन शिकले होते, 'कांहीं' शब्दावर दोन अनुस्वार देणारं. मग १९६२ साली साहित्य महामंडळाचे १४ नियम आले, १९७२ मध्ये त्यांत ४ वाढले, आणि त्यांनी हाताची सवय बदलली. मला त्यांनी नियम पाठ करायला लावले नाहीत. शब्दांच्या जोड्या दिल्या. विहीर, पण विहिरीत. फूल, पण फुलाला. आणि मग जीवन, तर जीवनातच. कारण तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. आचार्यांना बोलावलं तर प्रवचन होईल, आचाऱ्यांना बोलावलं तर स्वयंपाक. रफार आणि तो आडवा अर्धा र यांच्यातला फरक मी आयुष्यभर वाचत आले होते, पण त्याच्याकडे कधी थांबून पाहिलं नव्हतं.

बाकीची कामं हळूहळू अंगावर येत गेली. पुस्तक पानांत मोजायचं नसतं, फॉर्ममध्ये मोजायचं असतं. फॉर्म म्हणजे दुमडायचा छापील कागद, एक फॉर्म १६ पृष्ठांचा. मजकूर १९२ पृष्ठांत बसला तर बारा फॉर्म, हिशेब चोख. एक पृष्ठ वाढलं की तेरावा फॉर्म, आणि कागदाचे पैसे २०८ पृष्ठांचे. मग मांडणी करणारा आणि मी ओळी आवळत बसायचो, परिच्छेदाच्या शेवटी एकटा राहिलेला शब्द वर ओढायचो. आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचा, तेरावा आकडा आधीच्या बारांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून, बेरीज करून, ती दहाच्या पटीत न्यायला किती कमी पडतात त्यावरून काढतात, हे मला समजलं तो दिवस आठवतो. नंतर मी प्रत्येक पुस्तकाचा आकडा हाताने ताडून बघायची. एकदा चुकलेला पकडलाही.

आणि पार्सलं. १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत त्याच्या प्रती प्रकाशकाने स्वखर्चाने ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमरा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, दिल्लीचं सार्वजनिक ग्रंथालय. खाकी कागद, सुतळी, पत्ते. कंटाळवाणं काम म्हणून ते नव्या माणसाकडे येतं. मला ते आवडायचं. सांगली जिल्ह्यातल्या कुणा शिक्षिकेचा कवितासंग्रह चेन्नईच्या कपाटात जाऊन बसणार आणि कुणी मागो न मागो, तिथे राहणार, या विचारानं मी त्या गाठी घट्ट बांधायची.

पगार साडेसात हजार होता. सदाशिव पेठेत तिघींत एक खोली, डबा लावलेला, महिन्याच्या शेवटी घरून मागायची वेळ यायची. प्रूफं घरी आणून पानामागे चार पैसे जास्तीचे मिळवायचे, पण ती वाचायची रात्री, थकलेल्या डोळ्यांनी. यावर मला स्पष्ट बोलायचं आहे. २०० रुपयांच्या पुस्तकातले साधारण ७०-८० विक्रेत्याच्या सवलतीत जातात, १० ते १५ टक्के लेखकाचं मानधन, मग कागद, छपाई, बांधणी, चित्रकार. प्रूफं वाचणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं जवळजवळ काहीच येत नाही. चांगली जाणती माणसं हे काम सोडून जातात ती त्यामुळेच. मराठी पुस्तकांतल्या चुका वाढल्या असं आपण सगळे म्हणतो, पण प्रूफं वाचणाऱ्याचा डोळा तयार व्हायला लागतात ती पाच-सहा वर्षं कोणी कशावर काढायची, हे विचारत नाही. हल्ली या क्षेत्रात येऊ बघणारी मुलंमुली भेटतात, तेव्हा मी त्यांना मांडणीची सॉफ्टवेअर शिका, युनिकोड टंकलेखन शिका, करार आणि कॉपीराइट कायदा वाचा असं सांगतेच. श्राव्य पुस्तकांमुळे कामाच्या आणखी वाटा उघडल्या आहेत हेही सांगते. पण पहिली दोन वर्षं पैशांची ओढाताण होते, ती घरच्यांना आधीच सांगून ठेवा, हेही सांगते.

माझ्या त्या पहिल्या वर्षीची दिवाळी २६ ऑक्टोबरला होती. श्रावण लागल्यापासून आम्ही घरी फक्त झोपायला जात होतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी छापखान्यांचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं. आम्ही बाहेरच्या दोन अंकांचंही काम घेत असू. संध्याकाळी सात वाजता पूर्ण पानाची जाहिरात यायची आणि सगळी लागलेली पानं हलायची. एका कथेतून बावीस ओळी कापायच्या होत्या. काकांनी फोन माझ्या हातात दिला. "लेखकाशी तू बोल. कापू का असं विचारायचं नाही, कुठल्या ओळी देता असं विचारायचं." त्या लेखिकेने तासाभराने स्वतः फोन करून चोवीस ओळी दिल्या, आणि कथा खरोखर सुधारली. 'सत्यकथे'चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून एकेका कथेवर किती चर्चा करत, हे मी एम. ए.ला ऐकलं होतं. ते काम कसं होत असेल याची थोडीशी कल्पना मला त्या फोनवर आली.

दिवाळीनंतर गुरुजींची वही आली. वही कसली, एका बाजूने लिहिलेले तीनशेच्या वर फुलस्केप कागद, दोऱ्याने बांधलेले. चंद्रपूरकडचे निवृत्त प्राथमिक शिक्षक. जंगलातल्या एकशिक्षकी शाळांत काढलेल्या वर्षांच्या आठवणी. फेब्रुवारी २०१२ मध्ये साहित्य संमेलन चंद्रपूरलाच भरणार होतं, तिथे पुस्तक पोचवायचं असं ठरलं. ते मी पूर्णपणे सांभाळलेलं पहिलं पुस्तक. अक्षरजुळणीपासून मुखपृष्ठापर्यंत. मजकूर २०३ पृष्ठांत संपला. म्हणजे तेरावा फॉर्म घ्यावा लागला आणि शेवटची पाच पृष्ठं कोरी राहिली. मला ती कोरी पानं टोचत होती, पण ओळी आवळून एवढी पृष्ठं कमी होणार नव्हती.

गुरुजींनी प्रूफं तपासून परत पाठवली, प्रत्येक पानावर सही करून. मी फायनल वाचायला बसले तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. पाचवं पृष्ठ अर्पणपत्रिकेचं. त्यावर फक्त त्यांच्या आईचं नाव. ते नाव मी इथे देत नाही. त्यात एक 'शि' होती, ऱ्हस्व. शब्दकोशात ती दीर्घ आहे. मी कोश उघडून खात्रीही केली. लाल पेनाने वेलांटी फिरवली, ऑपरेटरने दुरुस्ती केली, पान प्लेटला गेलं.

लेखकाने सही केलेल्या पानाला त्याला न विचारता हात लावायचा नाही, हे मला माहीत होतं. ओळी कापतानासुद्धा मी फोन केला होता. इथे केला नाही, कारण आपण काही बदलतोय असं मला वाटलंच नाही. मी चूक काढत होते.

रात्रभर आणि निम्मा दिवस रेल्वे, वर्ध्याला उतरून पुढे एसटी, सोबत पन्नास-पन्नास प्रतींचे दोन गठ्ठे. संमेलनाचा मांडव मी पहिल्यांदा बघत होते. १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली मूठभर ग्रंथकार जमले, त्याचं हे एवढं झालं. व्यासपीठावर काय चाललंय ते आम्हा गाळ्यातल्यांना फक्त ध्वनिवर्धकातून कळत होतं. लोक येत होते, पुस्तक उचलून पाठीमागची किंमत बघत होते, परत ठेवत होते, दोन तासांनी येऊन तेच विकत घेत होते. दुपारी गुरुजी आले. इस्त्रीचा नेहरू शर्ट, धोतर, मागे सगळं घर. मी पहिली प्रत दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी मुखपृष्ठावरून हात फिरवला. एकेक पान उलटत पाचव्या पृष्ठावर आले आणि थांबले.

"हे कोणी बदललं?"

"मी, गुरुजी. शब्दकोशात…"

"शब्दकोशात बरोबर आहे, बेटा." आवाज चढला नव्हता. "मी चौथीत होतो. मायला पाटीवर तिचं नाव शिकवलं. मला तरी तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ कुठं येत होतं? पुढं मास्तर झालो तेव्हा ध्यानात आलं. म्हटलं, माय, ते चुकलं आहे, सुधारून देतो. तर म्हणे, राहू दे, आता हात बसला माझा. शेतीच्या कागदावर, पासबुकावर, सगळीकडं तिची सही अशीच आहे. तिला एवढंच लिहिता येत होतं."

गाळ्यात गर्दी होती. कुणीतरी सुट्टे मागत होतं. मी ते पान बघत उभी राहिले.

संध्याकाळी काकांना फोन लावला. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "कागद कुठला वापरलाय?"

"नॅचरल शेड. पिवळसर."

"मग बाजारातल्या कागदाची चिठ्ठी लावलीस तर ती डोळ्यात खुपेल. तुझी ती शेवटची कोरी पानं आहेत ना? त्यावर छापून घे."

दोन प्रतींमधली अगदी शेवटची कोरी पानं मी पट्टी लावून कटरने काढली. प्रत्येकी दोन, एकूण चार. चंद्रपुरातल्या एका डीटीपीवाल्याकडे श्री-लिपी या टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच टाइप निघाला. त्याच पॉइंटात, दोन रकान्यांत, एका पानावर तीस वेळा ते नाव, ऱ्हस्व शि-सह. चार पानांच्या १२० चिठ्ठ्या. त्याने पैसे घेतले नाहीत. आईचं नाव आहे म्हणाला. रात्री उतरलो होतो त्या हॉलमध्ये जमिनीवर बसून मी आणि गाळ्यावरचे दोघं, आम्ही ९८ प्रती उघडल्या. फेविकॉल पाण्यात थोडा सैल केला, आगकाडीने चारी कडांना लावला. जास्त झाला तर कागद फुगतो, कमी झाला तर कोपरा उचलतो. चिठ्ठी नावावर बरोबर बसवायची, कोरा कागद ठेवून अंगठ्याने दाबायची, पुस्तक मिटून दुसऱ्या पुस्तकांच्या ढिगाखाली ठेवायचं. मी ते नाव त्या रात्री ९८ वेळा वाचलं. एकेक अक्षर, पट्टी लावल्यासारखं.

सकाळी गुरुजी आले तेव्हा त्यांनी पाचवं पृष्ठ उघडून चिठ्ठीवरून बोट फिरवलं, कडा लागते का बघितली. मग खिशातलं पेन काढून पहिल्या प्रतीवर सही केली आणि ती मला दिली.

उरलेल्या ९०० प्रती पुण्यात बाइंडरकडे होत्या. नवं पान छापून घेतलं. जुनं पान शिवणीकडे अर्धा सेंटिमीटर पट्टी ठेवून कापायचं आणि त्या पट्टीवर नवं चिकटवायचं, असं प्रत्येक प्रतीत. मालकांनी माझ्या पगारातून काही कापलं नाही. तीन दिवस बाइंडरच्या दुकानात बसून हे काम कर, एवढंच म्हणाले. मी बसले. कापणारा मुलगा माझ्याहून लहान होता आणि त्याचा हात एकदाही चुकला नाही.

काका २०१६ मध्ये गेले. त्यांची पट्टी माझ्या टेबलावर आहे.

२०१९ मध्ये त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायची होती. मधल्या काळात श्री-लिपीतला जुना मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागला. या रूपांतरात रफार उडतात, अर्धी अक्षरं सुटी होतात, दऱ्यांचा दर्या होतो. इनस्क्रिप्ट या कळफलकावर र आणि ऱ एकाच कळेवर, मधे फक्त शिफ्ट. म्हणून सगळी २०३ पृष्ठं पुन्हा पहिल्यापासून वाचायची होती. काम नव्याने लागलेल्या मुलीकडे दिलं. बार्शीची, हुशार, एम. ए. झालेली. पाच दिवसांनी तिने गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला. आचारी आणि आचार्य तिने बरोबर ओळखले होते. एका प्रकरणाच्या शीर्षकातला गळालेला काना तिला सापडला होता, जो मला सापडला नसता.

पाचव्या पृष्ठावर तिने लाल पेनाने 'शि' दीर्घ केली होती. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'शब्दकोश पाहिला'.

मी त्या दुरुस्तीखाली टिंबं दिली, समासात 'आहे तसंच' लिहिलं. कपाटातून गुरुजींनी सही करून दिलेली प्रत काढली आणि तिला म्हटलं, "खुर्ची ओढ. थोडा वेळ आहे ना?"